मातामायचं वळण

सदरमधल्या ‘आनंद ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स’समोर मनोहरराव पोतनीस वकिलांची काळी गाडी तिसऱ्यांदा येऊन उभी राहिली, तेव्हा आनंदराव गजभियांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. गाडी एकदा आली तर ते गिऱ्हाईक, दुसऱ्यांदा आली तर ओळख, आणि त्याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आली तर ती बेअब्रू, असं त्यांचं मत होतं. आणि आनंदरावांचं एकदा मत झालं की ते बदलायला नवी बॅटरी लागायची.

तक्रार साधी होती. वकीलसाहेब आणि यमुताई दर रविवारी कुहीकडच्या आपल्या धानाच्या शेतावर जात आणि दिवेलागणीला परत निघत. नाल्याच्या वळणावर कडुनिंबाखाली मातामायचं, म्हणजे गावदेवीचं, ठाणं आहे. गाडी तिथं आली की पुढचे दोन्ही दिवे जात. पंधरा-वीस हात गाडी अंधारात चाले. वळण संपलं की दिवे आपले आपण परत येत, जणू काही झालंच नाही. अलीकडे नाही, पलीकडे नाही, नेमके तिथंच. असे तीन रविवार झाले होते.

“बॅटरीचे टर्मिनल घासले, अर्थिंगची वायर नवी टाकली, फ्यूज बदलले,” आनंदराव बोटांवर मोजत म्हणाले. “मागच्या टायमाले तर मी बोनेटवर बुक्क्या मारून पाह्यल्या साहेब. लाइट हालला नाही.”

“तुमच्या बुक्क्यांना भीत असेल,” वकीलसाहेब म्हणाले. “वळणावर पुन्हा गेले ना!”

शेजारच्या चहाच्या टपरीवरून नत्थू मान लांब करून ऐकत होता. नत्थूचा चहा बेताचाच होता, पण सदरमधली बातमी त्याच्याकडे ताजी मिळे, म्हणून टपरी चालत होती.

गाडीच्या मागच्या सीटवर यमुताई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर शेंडीचा नारळ होता. “आनंदराव, तुम्ही तुमच्या परीनं सगळं केलंत,” त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “आता मातामायचं मातामायला देऊन टाका. गाडी घेतली तेव्हा तिथं नारळ फोडायचा राहिला, तो ती मागते आहे. आमचा शेतावरचा गडी म्हणाला, दिव्यांना ज्याचा हात लागला त्यानंच फोडायला पाहिजे. म्हणजे तुम्ही.”

आनंदरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. यमुताईंवर त्यांचा राग नव्हता. त्यांच्या घरी बॅटरी बसवायला गेलं की चहा सगळ्यांसारख्याच कपातून मिळे, आणि तो कप नंतर वेगळा ठेवत नसत, हे आनंदरावांनी पहिल्याच खेपेला तिरप्या डोळ्यानं बघून ठेवलं होतं. राग होता तो नारळावर. इंदोऱ्याच्या विहारात भन्तेजींनी एकदा सांगितलं होतं, हे आहे म्हणून ते आहे, हे नसेल तर ते नाही. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि घरी जाऊन जेवले. आनंदराव ते दुकानात घेऊन आले. दिवा जातो म्हणजे काहीतरी आहे म्हणून जातो, ते काढलं की जाणार नाही. एवढ्या एका वाक्यावर त्यांनी नऊ वर्षं सदरमध्ये नाव कमावलं होतं.

“बाई, मातामायले हेडलाइटशी काय करायचं हाय?” ते म्हणाले. “कारण असते. कारणाबिगर पानही हालत नाही.”

“मी तेच म्हणतो,” वकीलसाहेब घाईनं म्हणाले. “देवबिव सगळं हिच्याकडे. मी कोर्टात पुरावा मागणारा माणूस आहे.”

“मंग कारण सापडून काहून नाही राहिलं, आनंदभाऊ?” नत्थूनं टपरीवरून विचारलं.

विचारलं ते विचारलं, वर तो हसला. दोन सायकलरिक्षावाले हसले. आणि आनंदरावांनी उचलली जीभ ती लावली टाळ्याला.

“दसऱ्याच्या आत कारण नाही सापडलं,” ते गरजले, “तर मी सोता कुहीच्या रस्त्यावर जातो अन् सगळ्यायसमोर मातामायपुढं नारळ फोडतो! झालं समाधान?”

यमुताईंचं झालं. नत्थूचं तर फारच झालं. एकट्या आनंदरावांचं झालं नाही.

त्याला कारण होतं. सतरा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्याच दिवशी, पंधरा वर्षांचा आनंदा पांढरेशुभ्र कपडे घालून माय आणि बाबांच्या मधोमध दीक्षाभूमीच्या मैदानावर लाखोंच्या गर्दीत उभा राहिला होता आणि त्यानं मोठ्यानं प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. त्या दिवसापासून गजभियांच्या घरात देवापुढं नारळ फुटला नाही. बाबा, म्हणजे रुपराव, इतके कडक की चटणीला नारळ लागला तरी तो हातोडीनं फोडत, उगाच कुणाचा गैरसमज नको म्हणून. बाबा आता नव्हते. हातोडी होती, तीच दुकानात वापरात होती. आणि रुपरावांचा मुलगा दसऱ्याच्या तोंडावर मातामायपुढं नारळ फोडायची जबान देऊन बसला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फोडला तर प्रतिज्ञा मोडते, नाही फोडला तर शब्द मोडतो, आणि दसऱ्याला अकरा दिवस उरले होते.

मंगळवारी संध्याकाळी आनंदराव वकिलांची गाडी घेऊन एकटेच त्या रस्त्यावर गेले. वळणाआधी गाडी थांबवून त्यांनी दिवे लावले, दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलं आणि डोळे न मिटता मातामायसमोरून गेले. दिवे लख्ख. गाडी वळवून परत आले. लख्ख. मग खड्ड्यातून आदळत गेले, हॉर्न वाजवत गेले, एकदा तर उलट्या गिअरमध्ये मागं मागं गेले. दिवे ढिम्म हलले नाहीत. सातव्या फेरीला कडुनिंबाखाली घोंगडी पांघरून बसलेला एक म्हातारा उठून रस्त्यावर आला आणि त्यानं हात आडवा केला.

“झाल्या गा सात,” तो म्हणाला. “मी मोजत होतो. मोटारीनं प्रदक्षिणा घालणारा तूच पयला पाह्यला. कायचा नवस हाय?”

“नवस नाही, बाबा! लाइट चेक करून राहिलो!”

“असू दे, असू दे,” म्हातारा मायेनं म्हणाला. “सांगू नये कोणाले. सांगितला की फळत नाही.”

ही बातमी बुधवारी सकाळी नत्थूच्या टपरीवर कशी पोचली, हे मातामायलाच ठाऊक. आनंदराव दुकान उघडायला आले तेव्हा नत्थूनं दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, “उपास हाय का चहा देऊ?”

दोष रस्त्यात नाही, म्हणजे चालवणाऱ्यात असणार, असं आनंदरावांनी मनाशी ठरवलं. गुरुवारी कोर्ट सुटल्यावर त्यांनी वकीलसाहेबांना गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. हातात टेस्टिंगचा बल्ब, दोन वायरी, डोळ्यांत तेल. शहर मागं पडलं तसे वकीलसाहेब खटल्यांच्या गोष्टी सांगू लागले. वळण जवळ आलं तसे गप्प झाले. मातामायचं ठाणं समोर आलं तेव्हा त्यांची मान ताठ होती, नजर रस्त्यावर होती आणि कपाळावर घाम होता. डावा पाय तेवढा जरा चुळबुळला. आनंदरावांना वाटलं, क्लच जड असेल.

दिवे जळतच राहिले.

“बघा!” आनंदराव म्हणाले. “काही नाही. गाडी ओके हाय.”

“हो ना,” वकीलसाहेब म्हणाले. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते चोरी पकडल्यासारखे दिसत होते.

आनंदरावांनी मात्र शुक्रवारी सकाळी नत्थूला ऐकवलं, की आजार बरा झालाय. शनिवारी ते शीळ घालत होते. रविवारी वकीलसाहेब आणि यमुताई शेतावर गेले, संध्याकाळी परत निघाले, आणि मातामायच्या वळणावर दोन्ही दिवे असे गेले की गाडी रस्ता सोडून बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलभरल्या खाचरात, उतरली. लागलं कुणाला नाही. पण गाडी बाहेर काढायला दोन बैलजोड्या लागल्या, आणि नारळ तेवढा यमुताईंच्या मांडीवर शाबूत राहिला.

“तो शाबूत राहिला यातच समजा,” सोमवारी चिखलानं माखलेली गाडी दुकानासमोर उभी राहिली तेव्हा यमुताई म्हणाल्या. “आनंदराव, आता थट्टा नको. एखाद्या दिवशी नाल्यात जाऊ हो आम्ही.”

हे आनंदरावांना खरोखर लागलं. इतके दिवस त्यांना आपल्या नावाची काळजी होती, आता त्या दोघांच्या जिवाची वाटू लागली. बाई घाबरून बोलत होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला भन्तेजींचं वाक्य सांगून उपयोग नसतो. “बाई, गाडी माझ्यापाशी राहू द्या,” ते म्हणाले. “कारण सापडल्याशिवाय देत नाही.”

मग चोर सोडून संन्याशाला फाशी सुरू झाली. आनंदरावांनी दिव्यांचं बटन बदललं. होल्डर बदलले. डॅशबोर्डच्या मागून वायरींचा गुंता ओढून काढला आणि एकेक वायर दिव्याला लावून तपासली. पायानं दाबायचा डिपर, म्हणजे उजेड वर-खाली करणारी क्लचच्या डावीकडची ती लोखंडी गुंडी, तीही दाबून पाहिली. टक, उजेड खाली. टक, उजेड वर. काम चोख. नत्थू रोज येऊन पाही आणि उरलेले दिवस सांगे. कॉटन मार्केटमध्ये नारळ स्वस्त झाल्याचंही त्यानं एकदा सांगितलं.

इंदोऱ्यातही गोष्ट पोचली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आनंदराव घरी आले तर तुळसाबाई, त्यांची माय, चुलीसमोर भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“तू नारळ फोडणार हाय म्हणते,” त्या म्हणाल्या.

“कोण म्हणते?”

“सारी वस्ती म्हणते. तुह्या बापानं दगडाले कधी हात जोडला नाही. जबान दिली तर ती मोडलीही नाही. आता तू दोन्हीतलं काय मोडतं, ते मले आधी सांगून दे. म्हणजे मी उद्या मैदानावर तोंड कुणीकडं करू, ते ठरवतो.”

आनंदराव चुलीपुढं उकिडवे बसले. त्यांना लहान पोरासारखं रडू येईल की काय असं वाटलं. मायनं एक भाकरी उलटली आणि आवाज थोडा खाली आणला. “पारशिवनीवरून आपल्या नात्यातली इंदूबाई अन् तिची माणसं आली हायेत. मैदानावरच उतरली. त्यायले भाकरी पोचवायच्या हायेत. सायकलवर न्यायचं एवढं जमत नाही.”

बाहेर वकीलसाहेबांची गाडी उभी होती. ट्रायल घ्यायचीच आहे, असं आनंदरावांनी स्वतःला सांगितलं. भाकऱ्यांचं टोपलं आणि डाळीचं पातेलं मागच्या सीटवर गेलं, तुळसाबाई पुढं बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसत होत्या, तरी रोज बसत असल्यासारख्या बसल्या.

सात वाजले होते. दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलले होते. गावोगावचे ट्रक, बैलगाड्या, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, निळे झेंडे. आनंदराव दिवे लावून, हॉर्न देत, माणसांच्या पावलानं गाडी चालवत होते. मैदान समोर आलं. पेट्रोमॅक्सच्या उजेडात पांढऱ्या लुगड्यांच्या रांगा बसल्या होत्या. आनंदरावांच्या मनात काही एक विचार नव्हता, आणि त्याच क्षणी दोन्ही दिवे गेले.

“ओ मोटारवाले! लाइट!” रस्त्यावरचे लोक ओरडले.

आनंदरावांनी करकचून ब्रेक मारला. टोपल्यातली एक भाकरी पुढं येऊन पडली.

“आनंदा, लाइट काहून बंद केला गा?” मायनं विचारलं.

“मी नाही केला, माय.”

“मंग कोणं केला? आपण दोघंच हाओत.”

आनंदरावांनी खाली पाहिलं. बाहेरच्या पेट्रोमॅक्सचा थोडा उजेड पायांशी येत होता. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता, चपलेत. डावा पाय अनवाणी होता. मैदान समोर येताच त्यानं आपली चप्पल काढली होती, मालकाला न विचारता. काढलेली चप्पल पुढं सरकून डिपरच्या गुंडीवर चढली होती आणि तिच्या जाड टाचेवर पाय विसावला होता. गुंडी निम्मी दाबली गेली होती, पूर्ण नाही. झिजलेला डिपर ना वरचा उजेड देत होता ना खालचा.

आनंदरावांनी पायात चप्पल चढवली. दिवे आले. काढली, वर पाय ठेवला. दिवे गेले. घातली, आले. काढली, गेले. त्यांनी हा खेळ इतक्या वेळा केला की चौकातला हवालदार शिट्टी फुंकत धावत आला.

“काय भाऊ, दिवाळी लावली का?”

“सापडलं!” आनंदराव खिडकीतून ओरडले. “हवालदारसाहेब, कारण सापडलं!” हवालदाराला काही कळलं नाही, पण ते दसऱ्याचे दिवस, त्यानं नुसती मान हलवून गाडी पुढं काढायला सांगितली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चार दिवस अख्खी गाडी उघडून बसले होते ते, आणि दोष त्यांच्या स्वतःच्या पायात निघाला होता. आनंदराव एकटेच खदाखदा हसत सुटले.

तुळसाबाई त्यांच्या पायाकडे बघत होत्या. “तुहे बाबा सायकलवरून अठी मैदानापाशी उतरत,” त्या म्हणाल्या. “चपला हातात घेऊन मैदान सरेपर्यंत पायी चालत. तू तेव्हा मागं चालत राहे. पण आता तर तू म्हणतं ना, की हात जोडणं, पाया पडणं सारं फालतू हाय?”

“हे पाया पडणं नाही होय, माय,” आनंदराव जरा चिडून म्हणाले. “हा मान होय. आठवण होय.”

“बरं,” माय म्हणाली. “मंग त्या वकिलाच्या पायाले काय म्हणशील?”

आनंदरावांचं हसू थांबलं. त्यांना वकीलसाहेबांची ताठ मान आठवली, कपाळावरचा घाम आठवला, चुळबुळणारा डावा पाय आठवला. शेजारी आनंदराव गजभिये बसलेले असताना त्या पायाची चप्पल काढायची हिंमत झाली नव्हती, म्हणून दिवे जळत राहिले होते. आणि एरवी यमुताई त्या वळणावर डोळे मिटून हात जोडून बसत असणार, त्यांना काय दिसणार? देवबिव सगळं हिच्याकडे, म्हणणारा माणूस!

भाकऱ्या पोचवल्या, इंदूबाईशी दोन शब्द बोलले, पण आनंदरावांचं लक्ष नव्हतं. जिंकलो म्हणून सांगायला जावं, तर वकीलसाहेबांचं गुपित त्यांच्याच बायकोसमोर उघडं पडणार होतं. आणि गप्प बसावं तर नारळ होताच.

दसऱ्याच्या सकाळी ते गाडी घेऊन धंतोलीला वकीलसाहेबांच्या घरी गेले. नत्थू सायकल मारत आधीच पोचला होता आणि पोर्चच्या पायरीवर बसून यमुताईंनी दिलेला चिवडा खात होता. यमुताई ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात हळदकुंकू होतं, गाडीसाठी झेंडूचा हार होता, आणि मधोमध तो नारळ होता. वकीलसाहेब खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

“सापडलं का कारण?” यमुताईंनी विचारलं.

“सापडलं,” आनंदराव म्हणाले. त्यांनी गाडी भिंतीकडे तोंड करून अंधाऱ्या गॅरेजात घातली आणि दिवे लावले. भिंतीवर दोन गोल पडले. मग दार उघडं ठेवून सगळ्यांना दिसेल असा डावा पाय चपलेतून काढला, चप्पल डिपरवर सरकवली, वर टाच ठेवली. गोल नाहीसे झाले. चप्पल घातली, गोल परत आले.

“अरे बापा!” नत्थूच्या हातातला चिवडा सांडला. “चपलीनं?”

“काल मी दीक्षाभूमीपुढून चाललो होतो,” आनंदराव म्हणाले. ते वकीलसाहेबांकडे मुद्दाम बघत नव्हते. “पायानं चप्पल काढली. मले पत्ताही नाही. मान म्हणून काढली म्हणा. लाइट गेला. एवढंच हाय कारण. हा डिपर आताशा घासला, निम्मा दाबला की दोन्ही उजेड जातेत. पूर्ण दाबला तर ठीक चालते, म्हणून मले दुकानात सापडला नाही.”

त्यांना वाटलं, संपलं. पण यमुताईंनी बावीस वर्षं वकिलाबरोबर संसार केला होता.

“ते तुमचं झालं,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण मातामायच्या वळणावर तुम्ही कुठं होता? तिथं गाडी तर हे चालवतात. आणि हे तर...”

त्या थांबल्या. त्यांची नजर खाली गेली. नत्थूचीही गेली. सगळ्यांच्या नजरा वकीलसाहेबांच्या करकरीत, जाड टाचेच्या चपलांवर येऊन थांबल्या. वकीलसाहेबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“साहेबांचा पाय अवघडत असेल,” आनंदराव पटकन म्हणाले. “लांबचा रस्ता हाय.”

“नाही,” वकीलसाहेबांनी पेपर घडी करून ठेवला. “खोट्या साक्षीची गरज नाही, आनंदराव. मीच साक्ष देतो.” ते कोर्टात उठतात तसे उठून उभे राहिले. “लहानपणी आई बैलगाडीनं शेतावर न्यायची. ते वळण आलं की म्हणायची, मन्या, पायातलं काढ. मातामाय आहे. आई गेली त्याला तीस वर्षं झाली. तिथं आलं की पायातलं काढतो. उजवा पाय काढता येत नाही, तो अॅक्सिलरेटरवर असतो. म्हणून डाव्यावर भागवतो.”

“आणि मला बावीस वर्षं सांगत आलात, देव म्हणजे बायकांचं खूळ!” यमुताईंचा आवाज चढला. “मी तिथं डोळे मिटून तुमच्याही वाटणीचं मागत होते!”

“मागत होतीस ते बरंच झालं,” वकीलसाहेब म्हणाले. “बांधीत गेलो तरी वाचलो.”

यमुताईंना रागवायचं होतं, पण त्यांना हसू फुटलं, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं. ताट त्यांनी नत्थूच्या हातात दिलं आणि पदरानं डोळे पुसले.

“म्हणजे जितलं कोण?” नत्थूनं ताट सावरत विचारलं. “आनंदभाऊ का मातामाय?”

“चप्पल,” आनंदराव म्हणाले.

“आणि या नारळाचं काय करू?” यमुताईंनी विचारलं.

आनंदराव गाडीशी गेले. हत्यारांच्या पिशवीतून त्यांनी बाबांची हातोडी काढली, नारळ पोर्चच्या पायरीवर ठेवला आणि एका घावात फोडला. “चटणी करा, बाई,” ते म्हणाले. “थोडी माह्या मायलेही द्या. तिले नारळाची चटणी लय आवडते.”

निघताना त्यांनी सांगितलं की नवा डिपर परवा बसवू, आज सगळी दुकानं बंद. यमुताई म्हणाल्या, “संध्याकाळी लक्ष्मीनगरात नणंदेकडे सोनं द्यायला जायचंय. दिवे लागतील ना?”

“लागतील,” आनंदराव म्हणाले. “चप्पल पायात राहिली तर लागतील. मातामाय त्या रस्त्यावर नाही, मंग काही डर नाही.”

संध्याकाळी आनंदराव पांढरे कपडे घालून मायसोबत मैदानावर होते. दोघांनीही चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. वंदना झाली, लाउडस्पीकरवर भाषणं सुरू झाली. तुळसाबाईंचं तोंड आज सगळ्यांच्या दिशेनं होतं. भेटेल त्याला त्या सांगत होत्या की आमच्या आनंदानं शब्दही ठेवला अन् प्रतिज्ञाही ठेवली, अन् वरून चटणीही आणली.

पाय मोकळे करायला दोघं रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. अंधार पडत होता. गर्दीतून एकामागं एक गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या, आणि त्यांत आनंदरावांनी ती काळी गाडी लांबूनच ओळखली. दिवे लख्ख होते. मागच्या सीटवर यमुताई होत्या, पुढं वकीलसाहेब. त्यांनी आनंदरावांना पाहिलं नव्हतं. ते मैदानाकडे बघत होते, माणसांच्या त्या पांढऱ्या समुद्राकडे. गाडी मैदानासमोर आली.

दोन्ही दिवे गेले.

पंधरा-वीस हात गाडी अंधारात, अगदी हळू, चालत राहिली. लोक ओरडले, “ओ साहेब, लाइट!” मैदान मागं पडलं, आणि दिवे परत आले.

आनंदराव बघतच राहिले.

“त्या वकिलाचा लाइट अजून नीट नाही केला का गा तू?” तुळसाबाईंनी विचारलं.

“नीट हाय, माय,” आनंदराव म्हणाले. “एकदम नीट हाय.”